मुलांस ठोसा मारावयास शिकवावें काय ?

शत्रूवर प्रीति करावी असें ज्यास शिकविलें आहे, त्यानें आपल्या मुलास दुसऱ्याच्या अंगावर ठोसा मारण्याची विद्या शिकूं द्यावी काय ? हा प्रश्न ऐकतांना सोपा वाटतो, आणि पुष्कळांच्या ओठांवर त्याचें उत्तरहि तयार असतें. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस तो दिसतो तितका सोपा नाहीं. मुष्टियुद्ध, ज्यास आतां लहान मुलेंहि बॉक्सिंग म्हणतात, तें मुंबई-पुण्यापुरतें राहिलेलें नाहीं. आपल्या शेजारच्या नागपूरची अल्फिया पठाण ही मुलगी २०२१ सालीं पोलंड देशांत तरुणांच्या जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकून आली. उद्यां लष्करांतून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेला एखादा मुष्टियोद्धा तुमच्या गांवीं परत येईल, चिंचेखालीं वाळूचें पोतें टांगील, दोऱ्या बांधून रिंगण करील आणि सायंकाळीं मुलांस हांक मारील. मग आईबाप उपदेशकास विचारतील कीं, मुलास जाऊं द्यावें कीं नाहीं ? त्यांस काय सांगावें याचा विचार आधींच करून ठेवणें बरें.

प्रथम विरुद्ध बाजू नीट ऐकून घेऊं. ज्यांस हा खेळ मान्य नाहीं त्यांचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा कीं, मनुष्य देवाच्या प्रतिमेचा आहे; त्याच्या तोंडावर हात उगारणें खेळांतहि शोभत नाहीं. दुसरा असा कीं, इतर खेळांत इजा चुकून होते, या खेळांत ती हेतुपुरस्सर केली जाते. तिसरा असा कीं, जेथें दोघे झुंजतात तेथें बघ्यांची गर्दी, पैज, दारू आणि गर्व हीं सर्व आपोआप गोळा होतात. हे आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. ज्यांनीं ते काढिले त्यांत सुज्ञ वैद्य आहेत आणि स्वतः रिंगणांत उतरलेले लोकहि आहेत.

तिसरा आक्षेप आपल्या भागांत कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. कोंबडबाजार आपण सर्वांनीं पाहिला आहे. कोंबड्याच्या पायास धारदार काती बांधतात, भोंवतालीं माणसें ओरडतात, नोटा या हातांतून त्या हातांत जातात, आणि घटकाभरांत एक कोंबडा धुळींत पडतो. जो जिंकतो त्यासहि त्यांतून कांहीं मिळत नाहीं. पुढच्या बाजारीं त्याच्या पायास पुन्हा काती बांधिली जाते. मिळतें तें पैज मारणाऱ्यास. म्हणून माणसांच्या झुंजीविषयीं विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे : ही झुंज कोणाच्या लाभाकरितां चालली आहे ? मुलगा कोंबड्याच्या जागीं असेल, तर त्याच्या गळ्यांत सोन्याचें पदक पडलें तरी तें काम वाईटच. परंतु रिंगण मुलाकरितां असेल, मुलगा रिंगणाकरितां नसेल, तर विचार तेथेंच थांबवितां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. मुष्टियुद्ध शिकविलें नाहीं, तर गांवांत ठोसे पडत नाहींत काय ? मोहाची पिऊन रात्रीं घरीं येणारा नवरा बायकोवर जी मूठ उगारतो, त्या मुठीस कोणी गुरु नव्हता. लग्नाच्या वरातींत, यात्रेंत, बांधाच्या भांडणांत ज्या काठ्या चालतात, त्या कोणी तालमींत शिकविलेल्या नसतात. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठविली गेली. कायदा आला, कायदा गेला. पण सायंकाळीं रिकाम्या बसलेल्या तरुणाच्या अंगांतलें बळ कोठें जावें, हा प्रश्न कोणत्याहि कायद्यानें सुटलेला नाहीं.

त्या बळाची किंमत आमच्या जिल्ह्यांनीं फार मोठी दिली आहे. १९८० च्या सुमारापासून या जंगलांत बंदूक आली. कित्येक मुलगे दलमांत गेले. कित्येक पोलिसांत भरती झाले. आणि एकाच नदीचें पाणी प्यालेलीं पोरें एकमेकांवर नेम धरूं लागलीं. कोण बरोबर व कोण चूक, याचा निवाडा हा लेख करीत नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, तरुणाच्या हातास जर गांवानें काम व वळण दिलें नाहीं, तर त्या हातास दुसरें कोणी तरी कांहीं तरी देतेंच. माडिया लोकांचे पूर्वज हें जाणून होते. त्यांच्या गोटुलांत तरुण मुलेंमुलीं एकत्र जमत, नाचत, गात, आणि वडिलांच्या रीतिभाति शिकत. आणि योग्य वळण मिळालें म्हणजे हींच मुलें काय करितात, तेंहि आपण पाहिलें आहे. मे २०१८ मध्यें चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतील पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्ट शिखरावर पोंचले. बळ होतेंच, त्यास शिखर दाखविणारा पाहिजे होता.

वडील माणसानें आपली विद्या गांवच्या पोरांस द्यावी, ही चाल आपल्या देशांत जुनी आहे. महाराष्ट्राच्या तालमींत थकलेला पहिलवान वस्ताद होऊन आखाड्याच्या कांठीं बसतो, हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्याच वऱ्हाडांत अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, तें आजहि चालू आहे. परंतु मुष्टियुद्धाची गोष्ट काढिली आहे, तर त्याच विद्येचे दाखले घेणें उचित होईल. त्यांतला पहिला दाखला दूरच्या देशांतला असला, तरी त्याचा आरंभ चर्चच्या सभागृहांत झाला, म्हणून तो आमच्या वाचकांस परका वाटणार नाहीं.

इंग्लंडांत शेफील्ड नांवाचें पोलादाच्या कारखान्यांचें शहर आहे. तेथें आयर्लंडांतून पोट भरण्यासाठीं आलेला ब्रेंडन इंगल नांवाचा एक मजूर राहत असे. तो पैशाकरितां मुष्टियुद्ध खेळे, पण जगज्जेता कधीं झाला नाहीं. त्याच्या वस्तींत पोरांचा उपद्रव वाढला होता. १९६० नंतरच्या दशकांत तेथील सेंट थॉमस चर्चच्या पाळकानें त्यास विनविलें कीं, या पोरांकरितां तूं कांहीं तरी कर. चर्चच्या सभागृहांत प्रथम नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि मागाहून मुष्टियुद्धाची तालीम. त्या जमिनीवर त्यानें रेषा आंखिल्या होत्या. मुलांनीं आधीं त्या रेषांवर पाऊल कसें टाकावें तें शिकावयाचें. ठोसा देण्याच्या आधीं ठोसा चुकविणें, ही त्याच्या विद्येची पहिली इयत्ता होती.

त्या तालमींत आणखी एक रीत होती, तिचा आमच्या प्रश्नाशीं निकट संबंध आहे. नामांकित योद्धे व नवखीं पोरें तेथें एकाच रिंगणांत एकमेकांशीं सराव करीत, आणि त्या सरावांत डोक्यावर ठोसा मारावयाचा नाहीं असा नियम असे. ज्याचा एक ठोसा मोठ्या माणसास आडवें करील, तो दहाबारा वर्षांच्या मुलापुढें उभा राहून आपला हात आंवरी. मुलगा हें पाहून काय शिकत असेल ? तो शिके कीं, बळकट मनुष्याची ओळख त्याच्या माराहून त्याच्या आंवरलेल्या हातांत अधिक असते. हा धडा पुष्कळ उपदेशांनीं मनांत भरणार नाहीं, इतका एका सायंकाळीं भरतो.

इंगलचे चार शिष्य जगज्जेते झाले. त्यांतला जॉनी नेल्सन आपले पहिले तीन सामने हरला होता. कोंबडबाजारांत हरलेल्या कोंबड्याचें काय होतें तें आपण जाणतों; त्याच रात्रीं त्याची भाजी होते. इंगलनें या हरणाऱ्या तरुणास सोडिलें नाहीं, आणि १९९९ सालीं तोच जगज्जेता झाला. याच्या उलटहि घडलें. नसीम हमीद हा यमन देशांतून आलेल्या कुटुंबाचा मुलगा सात वर्षांचा असतां त्याच्यापाशीं आला आणि १९९५ सालीं जगज्जेता झाला. पण १९९८ सालीं गुरुशिष्यांत वितुष्ट आलें व तो निघून गेला. गुरूस हें दुःख शेवटपर्यंत राहिलें असेल. तथापि सभागृहाचें दार बंद झालें नाहीं. २०१८ सालीं इंगल वारला. त्याच्या मागें ती तालीम त्याच्या मुलांनीं चालविली. जो शिष्याच्या यशाकरितां शिकवितो, त्याचें काम शिष्य गेला म्हणजे संपतें. जो वस्तीच्या पोरांकरितां शिकवितो, त्याच्या दारांत उद्यां दुसरें पोर उभें राहतें.

आतां आपल्या देशांत येऊं. हरियाणांतील भिवानी जिल्ह्याच्या एका खेड्यांतला हवा सिंग हा शिपाई. त्यानें १९६६ व १९७० अशा दोन आशियाई सामन्यांत सर्वांत भारी वजनाच्या गटांत सुवर्णपदक मिळविलें. लष्करांतून निवृत्त झाल्यावर तो भिवानीस राहून तेथील मुलांस शिकवूं लागला. सरकारनें त्यास द्रोणाचार्य पारितोषिक जाहीर केलें. परंतु तें हातीं पडण्याच्या थोडे दिवस आधीं, १४ ऑगस्ट २००० रोजीं, तो वारला. पुढें आठ वर्षांनीं चीन देशांत बीजिंग येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथें भारताचे जे पांच मुष्टियोद्धे गेले, त्यांपैकीं चौघे या भिवानीचे होते. आणि त्यांतील विजेंदर सिंग यानें कांस्यपदक मिळविलें. त्या चौघांचा गुरु जगदीश सिंग हा दुसरा गृहस्थ होता, हें खरें. पण त्या गांवच्या मातींत ही विद्या रुजविणाऱ्यांत हवा सिंग अग्रेसर होता, आणि त्यानें तें पीक पाहिलें नाहीं. मोहाचें रोप लावणारा म्हातारा त्याचीं फुलें आपण वेंचूं अशी आशा धरीत नाहीं. तो लावितो, कारण त्याच्या बापानें लाविलेल्या झाडाचीं फुलें त्यानें वेंचिलेलीं असतात.

तिसरा दाखला आमच्या वाचकांस सर्वांत जवळचा वाटेल. मणिपूरच्या डोंगरांत कोम नांवाची एक लहान आदिवासी जमात आहे. त्या जमातींतील एका गरीब ख्रिस्ती कुटुंबांत मेरी कोम हिचा जन्म झाला. आपल्याकडील माडिया लोक पूर्वीं जंगल तोडून जशी फिरती शेती करीत, तशीच तिचे आईबाप डोंगरउतारावर करीत. तिच्या प्रांताचा डिंको सिंग १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकून आला. तोहि अनाथाश्रमांत वाढलेला. त्याचें यश पाहून ही मुलगी मुष्टियुद्धाकडे वळली. तिनें ही गोष्ट बापापासून लपविली होती. २००० सालीं वर्तमानपत्रांत तिचें छायाचित्र आलें, तेव्हां त्यास कळलें. मुलीचें तोंड विद्रूप होईल, मग तिच्याशीं लग्न कोण करील, ही त्याची भीति होती. आपल्या गांवच्या बापाची भीति याहून निराळी असेल काय ? ती पुढें सहा वेळां जगज्जेती झाली आणि २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें तिनें कांस्यपदक मिळविलें. परंतु आमच्या दृष्टीनें तिची अधिक मोठी गोष्ट ही कीं, स्वतःची कारकीर्द संपण्याची वाट न पाहतां, २००६ च्या सुमारास तिनें इंफाळ येथें गरीब मुलांमुलींस फुकट शिकविण्याचें काम आरंभिलें. आपणांस मिळालेलें आधीं आपलें पोट भरून मग वांटावें असें तिनें केलें नाहीं.

या तिन्ही दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. शिकविणारा स्वतः मार खाल्लेला मनुष्य आहे. ज्यानें कधीं ठोसा खाल्ला नाहीं, त्याच्या तोंडीं शौर्याच्या गोष्टी फार असतात. चित्रपट पाहून आलेलीं पोरें तशींच असतात. ज्यानें खाल्ला आहे तो जाणतो कीं, मार म्हणजे काय, आणि म्हणून तो दुसऱ्याच्या मुलावर कारणावांचून मार पडूं देत नाहीं. शिवाय निवृत्त मनुष्यास एक मोठा लाभ असतो, तो हा कीं, त्यास कोणास हरवावयाचें उरलेलें नसतें. बळाचे दिवस सरतात हें त्यानें अंगावर अनुभविलेलें असतें, म्हणून बळाचा गर्व किती दिवसांचा, हें तो पोरांस सांगूं शकतो.

सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांचें नांव याच संदर्भांत घ्यावेंसें वाटतें. ते लष्करांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालीं शरीर लुळें पडलें. ज्या पायांवर मुष्टियोद्धा उभा राहतो, तेच गेले. त्यांनीं पोहण्याचा अभ्यास केला, आणि १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत पन्नास मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. तालमीनें शिकविलेली खरी वस्तु मुठींत असती, तर ती त्या दिवशीं रणांगणावरच राहिली असती. शरीरास आज्ञेंत ठेवण्याची जी संवय लागली होती, तीच मागें उरली, आणि तिनें त्यांस पाण्यांत तारिलें.

पहिल्या आक्षेपास आमचें उत्तर यांतच आलें आहे. रिंगणांत समोर उभा असलेला शत्रु नव्हे. तो नियमानें बांधलेला, आपल्याइतक्याच वजनाचा, राजीखुशीनें आलेला सोबती आहे, आणि घंटा वाजली म्हणजे दोघे एकमेकांस कवटाळतात. जो राग धरून उतरतो तो बहुधा हरतो, असें हे गुरु शिकवितात. परंतु येथें एक सावधगिरी पाहिजे. ठोसा मारतां येतो त्यानेंच क्षमा केली तर ती खरी क्षमा, असें कित्येक बोलतात. हें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या मंडळ्यांतील कितीतरी दुबळ्या विधवांनीं, कुष्ठरोग्यांनीं, मारहाण सोसलेल्या गरिबांनीं आपल्या वैऱ्यांस मनापासून क्षमा केली आहे, आणि ती कोणत्याहि पहिलवानाच्या क्षमेहून उणी नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याच्या अंगीं बळ आहेच, त्यास तें आंवरावयास शिकविणें हेंहि प्रीतीचेंच काम आहे.

दुसऱ्या आक्षेपास मात्र असें पूर्ण उत्तर नाहीं, आणि तें असल्याचा आव आम्ही आणीत नाहीं. डोक्यावर वारंवार ठोसे बसून मेंदू कायमचा बिघडतो, हें मार्टलंड नांवाच्या अमेरिकन वैद्यानें १९२८ सालींच लिहून ठेविलें. महंमद अली याच्यासारख्या वीरास १९८४ सालीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, कंपवाताचा रोग असल्याचें निदान झालें. त्या रोगास ठोसेच कारण झाले कीं काय, याविषयीं वैद्यांत मतभेद आहे, पण त्याचा थरथरणारा हात सर्व जगानें पाहिला. नॉर्वे देशानें पैशाकरितां चालणाऱ्या मुष्टियुद्धास १९८१ सालीं कायद्यानें बंदी केली व ती तीस वर्षांहून अधिक काळ ठेविली. म्हणून जो गुरु म्हणेल कीं, या खेळांत कांहीं धोका नाहीं, त्याच्याकडे मुलगा पाठवूं नये. जो धोका मोजून सांगतो, डोकें राखतो, आणि डोक्यास मार बसलेल्या मुलास तो कितीहि रडला तरी वैद्यानें सांगेपर्यंत रिंगणांत येऊं देत नाहीं, त्याचाच विचार करावा. पोतें, दोरीवरच्या उड्या, धांव आणि पावलांचा अभ्यास, यांत या विद्येचा पुष्कळसा लाभ आहे. सामना खेळल्यावांचूनहि तो मिळतो.

आतां उपदेशकांनीं आईबापांस काय सांगावें ? गुरु किती पदकें घेऊन आला हें पाहूं नका. चार गोष्टी पाहा. तालमीच्या आसपास पैज व दारू आहे काय ? असेल तर तो कोंबडबाजार होय, परत फिरा. हरलेल्या मुलाशीं गुरु कसा बोलतो ? मुलगा शाळेंत जातो कीं नाहीं, याची चौकशी तो करितो काय ? आणि चौथी गोष्ट घरांतच पाहावी. तीन महिन्यांनीं तो मुलगा धाकट्या भावंडांवर, बहिणीवर, गोठ्यांतल्या बैलावर पूर्वींपेक्षां कमी हात उगारतो कीं अधिक ? कमी उगारीत असेल, तर गुरु चांगला आहे. अधिक उगारीत असेल, तर त्यास त्याच दिवशीं काढून घ्यावें, मग तो उद्यां देशाचें नांव काढणार असें कोणी कितीहि सांगो. हीच कसोटी मुलीविषयींहि लावावी, आणि मुलगी आहे एवढ्याच कारणानें तिला दारांतून परत पाठवूं नये.

प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस पत्र लिहितांना धांवणाऱ्याचा व मुष्टियोद्ध्याचा दाखला घेतला, हें आमचे वाचक जाणतात. त्या शहराजवळ असे सामने भरत, आणि तेथील लोकांस ते परिचित होते. पौलाचें लक्ष समोरच्या माणसास पाडण्याकडे नाहीं. स्वतःच्या देहास दास करून ठेवण्याकडे आहे. मुष्टियुद्धांत जें घेण्याजोगें आहे तें त्यानें घेतलें, आणि बाकीचें रिंगणांतच सोडून दिलें. आपणहि तेवढेंच करावें. गांवांत असा निवृत्त मनुष्य आला, आणि वरील कसोट्यांस उतरला, तर मंडळीनें त्याच्याकडे संशयानें पाहूं नये. पावसाळ्यांत त्याच्या मुलांस समाजमंदिराची पडवी द्यावी, आणि सरावाच्या वेळीं पाळकानें स्वतः जाऊन बसावें. कारण ज्या सायंकाळीं ती पडवी भरलेली असेल, त्या सायंकाळीं दारूच्या गुत्त्यावरचीं कांहीं पोरें तरी कमी झालेलीं असतील.